सुरतेचा समुद्राकडचा दरवाजा

सुरत हे समुद्री व्यापाराचे शहर म्हणून जगभर गाजले असले, तरी समुद्र सुरतेच्या वेशीपर्यंत कधीच आला नाही. तापीच्या डाव्या तीरावर, नदीच्या मुखापासून पंधरा-वीस किलोमीटर आत वसलेल्या या शहराची बाजारपेठ एका ठिकाणी होती आणि मोठ्या जहाजांचा नांगर पडत असे तो दुसऱ्याच ठिकाणी. नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यामुळे खोल तळाच्या गलबतांना आत शिरणे अवघड जाई, आणि म्हणून माल एक तर लहान पडावांत उतरवून भरतीबरोबर वर आणावा लागे किंवा बैलगाड्यांवर घालून खुष्कीने वाहावा लागे. बाजार आणि नांगरवाडा यांच्यातील हे अंतर भूगोलाच्या पुस्तकात क्षुल्लक वाटावे इतकेच आहे, परंतु सुरतेवर कोणाची सत्ता चालावी, कोणाची जहाजे सुरक्षित राहावीत आणि कोणाची तिजोरी फुटावी, हे अनेकदा याच अंतराने ठरवले.

हे अंतर नकाशावर पाहण्यापेक्षा कापून पाहिले तर अधिक नीट समजते, आणि ते कापण्याची एक सोय अलीकडच्या काळात सुरतेत आपोआप तयार झाली आहे. चौक बाजारातील किल्ल्यापासून निघून अठवा, मगदल्ला आणि डुमस असा तापीचा दक्षिण तीर धरून समुद्रापर्यंत जावे, परत फिरून मगदल्ल्याजवळच्या पुलावरून नदी ओलांडावी, इच्छापोर आणि मोरा या गावांवरून हजिरा व सुवालीचा किनारा गाठावा आणि पाल, अडाजण, रांदेर या बाजूने पुन्हा शहरात यावे, असे सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरचे हे सायकलफेरीचे वर्तुळ आहे. रस्ता जवळजवळ संपूर्ण सपाट आहे. चढ असतील तर ते पुलांचेच. सायकलस्वाराची खरी परीक्षा वारा घेतो, कारण सकाळी मंद असणारा वारा दिवस चढू लागताच समुद्राकडून वाहू लागतो. इतिहासाच्या दृष्टीने या वर्तुळाचे महत्त्व असे की, शहराला समुद्राशी जोडणारे तापीचे दोन्ही तीर त्यात येतात.

मराठी वाचकाच्या मनातील सुरत ही मात्र बहुतांशी जमिनीच्या बाजूने पाहिलेली सुरत आहे. जव्हारच्या मुलखातून गणदेवी, तेथून उधना आणि मग शहराच्या पूर्वेकडील बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरची बाग, ही जानेवारी १६६४ मधील शिवाजी महाराजांच्या स्वारीची वाट शालेय पुस्तकांपासून कादंबऱ्यांपर्यंत सर्वत्र परिचित आहे. पुढे पिलाजी गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास सोनगड हे ठाणे केले, तेही पूर्वेकडील डोंगराच्या तोंडाशी. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्याची रेल्वे सुरतेहून अमळनेरकडे गेल्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार भागांतून जी खानदेशी कुटुंबे कापडगिरण्यांच्या आणि पुढे यंत्रमागांच्या ओढीने आली, त्यांच्या वस्त्याही उधना, लिंबायत, दिंडोली अशा त्याच बाजूला वाढल्या. त्यामुळे मराठी माणसाला सुरतेचा जमिनीकडचा दरवाजा तोंडपाठ असतो आणि समुद्राकडचा बहुधा ठाऊकही नसतो. सायकलीचे वर्तुळ या दुसऱ्या दरवाजातून जाते.

आरंभ किल्ल्यापासून होतो हे योग्यच आहे, कारण किल्ला बांधला गेला तो समुद्राच्या धाकाने. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगिजांनी सुरत एकाहून अधिक वेळा जाळली. तेव्हा गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याच्या काळात खुदावंद खान या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या ख्वाजा सफर या तुर्की परंपरेतील सरदाराने १५४० नंतरच्या काही वर्षांत नदीच्या अगदी काठावर हा दगडी कोट उभा केला. गोल बुरूज, जमिनीच्या बाजूचा खंदक आणि नदीवर रोखलेल्या तोफा अशी त्याची रचना होती. शत्रू पाण्यातून येणार हे त्यात गृहीत धरलेले दिसते. अकबराने १५७३ मध्ये तो जिंकला, पण जमिनीवरून वेढा घालून. मोगल काळात शहराचा कारभार पाहणारा अधिकारी मुत्सद्दी म्हणून ओळखला जाई आणि किल्ल्याचा किल्लेदार त्याच्यापासून स्वतंत्र, थेट बादशहाने नेमलेला असे. एकाच शहरात दोन सत्ता ठेवण्याची ही व्यवस्था बंडाला आळा घालण्यासाठी होती, परंतु तिचा खरा लाभ झाला तो इंग्रजांना, ज्यांनी १७५९ मध्ये किल्ला ताब्यात घेऊन बादशहाच्या नावाने किल्लेदारी मिळवली आणि चाळीस वर्षांनी, १८०० मध्ये, नवाबाला निवृत्तिवेतन देऊन शहराचा कारभारही घेतला. महानगरपालिकेने अलीकडे या किल्ल्याची डागडुजी करून त्यात संग्रहालय मांडले आहे.

किल्ल्यापासून नदीच्या काठाने पुढे गेले की नानपुऱ्यात मक्काई पूल आणि डच बाग ही नावे लागतात. पहिले नाव हज यात्रेकरूंच्या वाहतुकीची आठवण आहे. मोगल साम्राज्यात सुरत हे मक्केचे द्वार मानले जाई, आणि यात्रेकरूंना घेऊन जाणारी जहाजे ही धार्मिक बाब असण्याबरोबरच मोठ्या व्यापाराचे साधनही होती. दुसरे नाव १६१६-१७ पासून सुरतेत वखार चालवणाऱ्या डच कंपनीचे. वखार म्हणजे केवळ कोठार नव्हे. कंपनीच्या नोकरांचे राहणे, जेवणे, प्रार्थना, हिशेब आणि प्रसंगी लढाई या सर्वांची ती एकत्र जागा असे. याच नदीकाठी फ्रेंच बागेच्या परिसरात डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचे ते अधिवेशन भरले, ज्यात लोकमान्य टिळक बोलण्यासाठी व्यासपीठावर उभे राहिल्यावर गोंधळ माजला, दख्खनी जोडा भिरकावला गेला आणि पक्ष दुभंगला. मूळचे नागपूरचे हे अधिवेशन सुरतेला हलवले गेले होते, आणि टिळकपक्षाच्या दृष्टीने कटकटीचे मूळ तेच होते.

अठव्याचे नाव आज न्यायालये, महाविद्यालये आणि उंच इमारतींशी जोडलेले आहे. तथापि अठराव्या शतकात येथे एका व्यापाऱ्याने सुरतेच्या सत्तेला आव्हान देण्याचा जो प्रयत्न केला, तो सुरतेच्या इतिहासातील सर्वांत रोचक प्रकरणांपैकी एक आहे आणि त्याला मिळायला हवे तेवढे स्थान मराठीत मिळालेले नाही. मुल्ला अब्दुल गफूर हा बोहरा व्यापारी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्याच्या आरंभी इतकी जहाजे बाळगून होता की एकटा माणूस कंपनीइतका व्यापार करतो असे युरोपीयांना वाटे. तो १७१८ मध्ये मरण पावल्यावर त्याचा वारसा लाभलेल्या मुल्ला मुहंमद अलीने आधी खंभातच्या आखातातील पिरम बेटावर आणि मग येथे, शहराच्या खालच्या अंगाला अठव्यास, स्वतःचा धक्का आणि तटबंदी उभारण्याचा घाट घातला. शहरात माल जाण्यापूर्वीच तो उतरवून घेता आला तर मुत्सद्द्याच्या जकातीला फाटा मिळणार, हे उघड होते. सुरतेच्या सत्ताधीशाने, म्हणजे तेग बेग खानाने, ते ओळखून १७३० च्या दशकात त्याला कैदेत टाकले आणि तो कैदेतच मेला. बंदर आणि बाजार यांतील अंतर कमी करणे हा व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचा विचार होता, पण त्या अंतरावरच राज्याचा महसूल अवलंबून होता.

मगदल्ल्याकडे जाताना आतल्या बाजूस भीमराड हे गाव राहते, जेथे दांडीनंतर काही दिवसांत, एप्रिल १९३० मध्ये, गांधीजींनी मीठ उचलून कायदा मोडला. खाजणातील खारट जमिनीचे हे गाव या रस्त्यापासून फार दूर नाही, आणि भरतीच्या पाण्याचा पल्ला किती आत येत असे हे त्या मिठावरूनच कळते.

डुमसचा किनारा काळपट वाळूचा आहे. वाळूतील लोहयुक्त खनिजांमुळे तिला हा रंग येतो. किनाऱ्यालगत स्मशानभूमी असल्यामुळे येथे भुताखेतांच्या गोष्टी पिकल्या आहेत आणि पर्यटकांना त्या आवडतात, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला डुमसमध्ये आढळणारा जंजिऱ्याचा धागा कोणत्याही भुताहून अधिक गुंतवून ठेवतो. जंजिऱ्याच्या सिद्दीला १६७० नंतर मोगलांनी आपल्या आरमाराची जबाबदारी दिली आणि तिच्या खर्चासाठी सुरतेच्या उत्पन्नातून वार्षिक नेमणूक बांधून दिली, म्हणजे कोकण किनाऱ्यावर मराठ्यांशी लढणाऱ्या सिद्दीच्या गलबतांचा खर्च काही अंशी सुरतेची जकात सोसत होती. शंभर वर्षांहून अधिक काळ गेल्यावर जंजिऱ्यात वारसाचा तंटा उद्भवला. गादीचा हक्कदार अब्दुल करीम खान ऊर्फ बाळू मियाँ पुण्यास आश्रयाला गेला, आणि १७९१ मध्ये पेशव्यांनी त्याला जंजिऱ्यावरील हक्क सोडून देण्याच्या बदल्यात सुरतेजवळ सचिनची जहागीर दिली. मराठ्यांना जंजिरा मिळाला नाही तो नाहीच. सचिनचे संस्थान मात्र उभे राहिले आणि १९४८ पर्यंत टिकले. सचिनच्या नवाबाचा समुद्रकाठचा वाडा डुमसला होता. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशवे यांपैकी कोणालाही न जिंकता आलेल्या एका किल्ल्याचा कागदी हक्क या काळ्या वाळूच्या परिसरातील गावांशी बदलला गेला, हा सौदा मराठी मुत्सद्देगिरीच्या यशस्वी नमुन्यांत गणणे कठीण आहे.

डुमसहून मागे फिरून मगदल्ल्याच्या पुलाने नदी ओलांडली की उत्तर तीराचा मुलूख सुरू होतो. या फेरीतील दोन्ही तीरांची बहुतेक गावे ज्या प्रदेशात येतात त्याला चोर्यासी म्हणतात. चौऱ्याऐंशी गावांचा हा परगणा अठराव्या शतकात गायकवाडांच्या वाट्यात होता. गायकवाड आणि पेशवे या दोघांचाही सुरतेवर चौथाईचा, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाचा, दावा असे आणि तो वसूल करण्यासाठी मराठ्यांचा अधिकारी शहरात राहत असे, ज्याला तेथील लोक चौथिया म्हणत. बाजीराव दुसरा याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही केली तेव्हा पेशव्यांचे सुरतेवरील हक्क इंग्रजांकडे गेले, आणि त्याच सुमारास गायकवाडांनीही चोर्यासी परगणा सोडला. सुरतेत मराठ्यांच्या सत्तेचा शेवट लढाईने नव्हे तर अशा कलमांनी झाला. योगायोग असा की, वसईचे नाव या किनाऱ्यावर दुसऱ्यांदा विसाव्या शतकात आले. मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रातील दक्षिण वसई या क्षेत्रातला नैसर्गिक वायू समुद्रतळाच्या नळातून हजिऱ्याला आणला गेला आणि १९८० च्या दशकात येथून विजयपूर व जगदीशपूरकडे जाणारी देशातील पहिली मोठी वायुवाहिनी निघाली. खत, पोलाद आणि जहाजबांधणीचे आजचे कारखाने त्यानंतरचे. सायकलस्वाराला या पट्ट्यात ट्रक आणि धूर सोसावे लागतात, आणि रस्ता रुंद असला तरी हा भाग फेरीतील सर्वांत कमी सुखाचा आहे.

तापीच्या मुखाशी, उत्तर तीरावर, व्हॉक्सची कबर म्हणून ओळखले गेलेले जुने स्मारक आहे. जॉन व्हॉक्स हा मुंबईचा उपगव्हर्नर राहिलेला कंपनीचा अधिकारी १६९७ मध्ये येथे नदीच्या मुखात होडी उलटून पत्नीसह बुडाला, आणि समुद्रातून येणाऱ्या नावाड्यांना हे स्मारक पुढे दिशेची खूण म्हणून उपयोगी पडू लागले. मृताच्या कबरीचा असा व्यावहारिक उपयोग होणे खलाशांच्या जगात नवे नव्हते.

सुवाली हे या फेरीचे टोक आणि तिच्या अर्थाचे केंद्र आहे. आज ओहोटीला येथे समुद्र इतका दूर सरतो की चिखलाळ वाळूचे मैदानच समोर दिसते. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीतील फरक भारताच्या किनाऱ्यावर सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. सतराव्या शतकात मात्र या किनाऱ्याला समांतर पसरलेल्या वाळूच्या दांड्यामागे एक खोल, सुरक्षित खाडी होती, आणि त्या आडोशाला युरोपीय जहाजे नांगर टाकत. नोव्हेंबर १६१२ मध्ये कॅप्टन थॉमस बेस्टच्या जहाजांनी येथेच पोर्तुगिजांशी झुंज दिली, आणि समुद्रावर पोर्तुगीज अजिंक्य नाहीत हे मोगल अधिकाऱ्यांना दिसल्यावर इंग्रजांना सुरतेत वखार घालण्याची परवानगी मिळाली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये येथेच उतरला, आणि आपली व आपल्या माणसांची झडती घेण्यावरून त्याने जकात अधिकाऱ्यांशी जो वाद घातला तो अनेक दिवस चालला. पुढे रो जहांगीर बादशहाच्या भेटीसाठी अजमेरला निघाला तो थेट उत्तरेस न जाता खानदेशातून नंदुरबार आणि बऱ्हाणपूरमार्गे गेला, म्हणजे मराठी मुलखाशी त्याची गाठ सुरतेच्या दुसऱ्या दरवाजातून पडली. पायी भटकत हिंदुस्थानपर्यंत आलेला इंग्रज प्रवासी टॉमस कॉर्यट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत मरण पावला. त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर याच परिसरात आहे.

सुवालीचे जीवन हंगामी होते. पावसाळा संपून वारे बदलले की, म्हणजे साधारण सप्टेंबरनंतर, जहाजे येत आणि किनाऱ्यावर तंबू, बांबूच्या झोपड्या, निरनिराळ्या राष्ट्रांची निशाणे, वाण्यांची तात्पुरती दुकाने यांची वस्ती उभी राही. मार्चपर्यंत ती गजबजलेली असे आणि मग ओस पडे. येथून शहराकडे जाणारा माणूस बैलांच्या रथातून जाई, आणि त्या काळच्या युरोपीय प्रवाशांनी गुजरातच्या पळणाऱ्या बैलांचे कौतुक पुन्हा पुन्हा केले आहे. सपाट वाटेवर ते घोड्याच्या बरोबरीने धावत असे त्यांना वाटे.

शिवाजी महाराजांच्या दोन्ही स्वाऱ्यांचा अर्थ या किनाऱ्यावर उभे राहिले की वेगळा दिसतो. ६ जानेवारी १६६४ रोजी मराठे शहरात शिरले तेव्हा शहराचा मुत्सद्दी इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला आणि वीरजी व्होरा, हाजी सैद बेग अशा व्यापाऱ्यांच्या हवेल्या लुटल्या गेल्या, कारण त्यांची संपत्ती शहरात, घरांच्या तळघरांत होती. इंग्रज वखारीचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन याने मात्र सुवालीला उभ्या असलेल्या जहाजांवरील माणसे बोलावून घेतली आणि ढोल-कर्णे वाजवत त्यांना शहरातून फिरवून वखारीत आणले. वखार वाचली आणि औरंगजेबाने नंतर जकातीत सवलत दिली. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली तेव्हा इंग्रजांनी अधिक सावधपणा दाखवला. अफवा येऊ लागताच जेराल्ड ऑन्जियर व बहुतेक अधिकारी मालासह सुवालीला गेले आणि स्ट्रेनशॅम मास्टर थोड्या माणसांनिशी वखार राखायला परतला. मराठ्यांकडे घोडदळ होते आणि ते वेगवान होते, पण या किनाऱ्यावरील जहाजांचे ते काहीच करू शकत नव्हते. सुरतेतील हिंदू, मुसलमान, आर्मेनियन व्यापाऱ्यांना शहर सोडून जाण्यासाठी असा दुसरा किनारा नव्हता, आणि लुटीचा खरा भार त्यांच्यावर पडला. इंग्रजांच्या शौर्याच्या ज्या कथा त्यांच्याच पत्रांतून आल्या, त्या वाचताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. त्यांच्या धैर्याचा मोठा भाग पाठीमागे उभ्या असलेल्या जहाजांचा होता. या अनुभवातूनच समुद्र थेट पायाशी असलेल्या बंदराचे मोल कंपनीला पटले, आणि १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलले. सुरतेजवळचा पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये जहाजे बांधण्यासाठी मुंबईला गेला, हीदेखील त्याच स्थलांतराची पुढची पायरी होय.

परतीच्या वाटेवरील रांदेर हे सुरतेहून जुने बंदर आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा या पोर्तुगीज प्रवाशाला येथे श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्यांचे, नीटनेटक्या घरांचे गाव दिसले होते; १५३० मध्ये पोर्तुगिजांनीच ते उद्ध्वस्त केले, आणि व्यापार नदीपलीकडे सरकला. तरीही रांदेरचे व्यापारी समुद्राला विसरले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी रंगूनमध्ये पेढ्या मांडल्या, आणि त्या संबंधाची चव रांदेरच्या खाण्यात आजही आहे; ब्रह्मी पद्धतीचा खाऊसा येथे रस्त्यावर मिळतो. भुकेल्या सायकलस्वारांचा थांबा येथे पडतो तो बहुतेक याच कारणाने.

रांदेरच्या बाजूने किल्ल्याजवळ येणारा होप पूल १८७७ चा. तापीवर सुरतेत बांधलेला हा पहिला पूल. त्यापूर्वी सुवालीहून येणाऱ्या प्रत्येकाला शेवटी होडीची वाट पाहावी लागे. नदी ओलांडल्यावर उत्तरेकडील कतारगाम दरवाजाकडे वळले की इंग्रज आणि डच दफनभूमी लागतात. मोगल थडग्यांचे घुमट युरोपीय व्यापाऱ्यांनी येथे उसने घेतले आहेत. ऑक्झेंडन बंधूंची इमारत इंग्रज दफनभूमीत सर्वांत भव्य आहे, आणि डचांनी तिला मागे टाकण्यासाठीच जणू हेंड्रिक व्हान रेड याच्यासाठी दुहेरी घुमटाचे थडगे उभारले. केरळातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवणारा हा अधिकारी डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येणाऱ्या जहाजावरच मरण पावला. ग्रंथाचा शेवटचा खंड त्यानंतर १६९३ मध्ये निघाला.

शहराच्या आत आलेल्या फेरीचा शेवट मुघलसराईपाशी करता येतो. ही सराई शाहजहानच्या काळात १६४४ मध्ये, यात्रेकरू आणि प्रवासी यांच्यासाठी, हकीकत खानाने बांधली. सुरत बंदराचे उत्पन्न तेव्हा बादशहाची मुलगी जहानआरा हिला नेमून दिलेले होते. पुढे या सराईचा तुरुंग झाला, आणि १८६७ पासून येथे नगरपालिकेचे कार्यालय आहे. बंदराची जकात जाऊन आता तिथे घरपट्टी आणि पाणीपट्टीचा भरणा होतो.